लॅपटॉप प्रोसेसर : वेग आणि बॅटरीचा मेळ

लॅपटॉपच्या प्रोसेसरला हवा तेव्हा पुरेसा वेग मिळावा आणि एका चार्जिंगवर दिवसाचे काम उरकावे, या दोन गरजांची सांगड घालावी लागते. तिचा हिशेब वॉट-तासांत होतो; एक वॉटचा खप तासभर चालला की एक वॉट-तास. बॅटरी ५६ वॉट-तासांची आणि पडद्यासह सरासरी खप ७ वॉट असेल, तर लॅपटॉप ८ तास चालतो; खप २८ वॉटवर गेला की २ तासांत बंद पडतो. प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, त्यामुळे मोठे लॅपटॉपही त्या मर्यादेच्या आतच राहतात. बॅटरी वाढवायला वाव नाही, म्हणून बचत चिपला, म्हणजे प्रोसेसरलाच, करावी लागते.

चालू चिपचा खप वारंवारितेच्या, म्हणजे तिच्या वेगाच्या, प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो, आणि खरा फटका इथे बसतो. वेग २० टक्के वाढवायला व्होल्टेज १५ टक्के वाढवावे लागले, तर १.२ × १.१५ × १.१५ म्हणजे सुमारे १.५९. काम २० टक्के जास्त, वीज ५९ टक्के जास्त. टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढवलेला वेग, थोडाच वेळ टिकतो तो यामुळे. मात्र चिप कायम मंद ठेवणेही तोट्याचे आहे. काम रेंगाळले की पडदा, मेमरी आणि वाय-फाय तेवढा वेळ वीज खात राहतात. छोटे काम झटपट संपवून चिपने झोपी जावे, लांबलचक काम मध्यम वेगाने करावे, हे उत्तम.

यासाठी एकाच चिपवर दोन प्रकारचे कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, बसवतात: काही वेगवान, काही कमी वीज खाणारे. चिपचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीने ही रचना २०११ मध्ये मांडली, ॲपलच्या एम१ चिपने नोव्हेंबर २०२० मध्ये लॅपटॉपवर तिचा दबदबा निर्माण केला, आणि २०२१ च्या ऑल्डर लेक चिपपासून इंटेलनेही ती मुख्य प्रवाहात आणली. २०२४ च्या लुनार लेक चिपमध्ये इंटेलने मेमरी (रॅम) प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे त्याच्या वेष्टनातच, बसवली. वीज वाचली, पण रॅम नंतर वाढवता येत नाही. १६ जीबी घेतली की १६वरच राहायचे. पुढच्या पँथर लेकमध्ये मेमरी पुन्हा पॅकेजबाहेर गेली. ही चिप इंटेलच्या १८ए नावाच्या निर्मिती-प्रक्रियेवर बनते आणि तिला वीजपुरवठा सिलिकॉनच्या मागच्या बाजूने होतो. क्वालकॉमने आर्म पद्धतीची स्नॅपड्रॅगन एक्स२ एलिट ही लॅपटॉप चिप सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केली.

खरेदी करताना चिपच्या नावापेक्षा वॉटमर्यादा, म्हणजे त्या लॅपटॉपमध्ये तिला किती वॉट वापरू दिले आहेत, ते आधी विचारावे. एएमडीचा रायझन एआय ९ एचएक्स ३७० हा लॅपटॉप बनवणाऱ्याला १५ ते ५४ वॉटमध्ये कुठेही बसवता येतो. नाव तेच, लॅपटॉप दोन. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही (लुनार लेक) मालिकेतील बहुतेक चिपची मूळ मर्यादा १७ वॉट, टर्बोत ३७. कोअर आय९ १४९००एचएक्सची मात्र ५५ आणि १५७ वॉट. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्याला २०० व्ही मालिका भरपूर झाली. विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात थ्रीडी मॉडेल किंवा सिम्युलेशन करणाऱ्या विद्यार्थ्याला २८ ते ४५ वॉटची चिप घ्यावी लागेल, आणि ते काम चार्जर लावूनच करावे लागेल. स्नॅपड्रॅगन घेण्याआधी आणखी एक तपासणी हवी. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली साधी जुनी सॉफ्टवेअरे त्यावर अनुवादाच्या थरातून चालतात, पण जोडलेली उपकरणे चालवणारे ड्रायव्हर तसे चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मराठी डीटीपीचे डोंगल यांना आर्मसाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे. नाहीतर बॅटरी दिवसभर टिकते आणि काम अडते.

उन्हाळ्यात जत, आटपाडी, माण, खटावकडे पारा चाळिशीला टेकतो. चिप तापली की गळती-प्रवाह वाढतो, म्हणजे काही न करताही वीज जाते. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या बुजतात, पंखा जोरात फिरतो आणि चिप स्वतःचा वेग कमी करते. तो टणक पाटावर ठेवावा, जाळीतली धूळ वर्षातून एकदा काढावी.

विंडोजमध्ये बॅटरीवर असताना पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवावा. जुन्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट हा पर्याय दिसत असेल, तर १०० ऐवजी ९९ टक्के केल्यावर बहुतेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. वेग थोडा उतरतो, उष्णता खूप उतरते. पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, म्हणजे १२० हर्ट्‌झचा असेल तर ६० करावा. सांगलीहून पुण्याला एसटीने निघताना नुसते झाकण मिटू नये. नव्या लॅपटॉपची झोप अर्धवट असते. अपडेटसाठी तो बॅगेतच जागा होतो, तापतो आणि स्वारगेटला रिकामा निघतो. प्रवासात हायबरनेट करावे, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवले तर बॅटरीचे आयुष्य वाढते. पण पावसाळ्यात पाटण, महाबळेश्वरकडे वीज तासन्‌तास जाते, तेव्हा उरलेले २० टक्केच कामाला येतात. म्हणून एरवी ८०, आणि महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे कळवले की आदल्या रात्री १००. वर्षातून दोनदा विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता ताडून पाहावी. ५६ वॉट-तासांची ४४.८ झाली असेल, तर ७ वॉटवरचे ८ तास ६ तास २४ मिनिटांवर आलेले असतात. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. चार्जिंग तिथेच थांबवून ती बदलून घ्यावी.