परदेशी विद्यार्थी आपल्या मुलांच्या जागा घेतात का?

प्रवेशाचे दिवस आले की पुण्यातील पालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास येते: परदेशी विद्यार्थी आपल्या मुलांच्या जागा घेतात. हा समज चुकीचा आहे, आणि त्यातून इथे शिकायला आलेल्या पाहुण्या मुलांविषयी विनाकारण अढी बसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा निर्माण करता येतात. म्हणजे १०० जागांच्या अभ्यासक्रमात या २५ जागा वर वाढवल्या जातात, मूळ शंभरांतून कापल्या जात नाहीत, आणि रिकाम्या राहिल्या तरी त्या इतर कोणालाही देता येत नाहीत. वर्गात गर्दी होईल ही शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच उपलब्ध सुविधा व अध्यापकवर्ग पाहून ही संख्या ठरवण्याची जबाबदारी संस्थेवर आहे.