खरे, नारायण भास्कर

खरे, नारायण भास्कर : (सु. १८८४–१९७०). नागपूरचे वैद्यकीय व्यावसायिक, प्रांतिक विधिमंडळाचे सदस्य आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे मुख्य प्रधान. जुलै १९३८ मध्ये त्यांना ज्या परिस्थितीत पद सोडावे लागले ती ‘खरे प्रकरण’ या नावाने ओळखली जाते आणि भारतातील संसदीय शासनपद्धतीच्या इतिहासात तिला स्वतंत्र स्थान आहे.

त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पनवेल येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लाहोरला घेतले आणि पुढे नागपुरात व्यवसाय सुरू केला. राजकारणात कितीही पदे आली तरी नागपूरकरांच्या तोंडी ते ‘डॉक्टर खरे’च राहिले.

विधिमंडळाशी त्यांचा संबंध १९१९ च्या भारत सरकार कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या मध्य प्रांत विधिपरिषदेपासूनचा आहे. १९२३ च्या निवडणुकीत या परिषदेत स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले होते. काही खाती मंत्र्यांकडे व उरलेली गव्हर्नरांकडे ठेवणारी द्विदल राज्यपद्धती आतून मोडून काढण्याचा पक्षाचा कार्यक्रम मध्य प्रांतात जितका पूर्णत्वाने अमलात आला तितका फार थोड्या ठिकाणी आला. १९२४ च्या अंदाजपत्रकात परिषदेने मंत्र्यांचे वेतन वर्षाला अवघे २ रुपये ठरवले, मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सोपीव (मंत्र्यांकडे सोपवलेली) खाती गव्हर्नरांना स्वतःकडे घ्यावी लागली. खरे या स्वराज्यवादी गटातले होते. मंत्रिपद हे सभागृहाच्या विश्वासावर उभे असते, तो विश्वास नसेल तर ते नाममात्र उरते, हा धडा या पिढीने प्रत्यक्ष गिरवलेला होता. १९३८ मधील त्यांचे वर्तन समजून घेताना ही पार्श्वभूमी बहुधा दुर्लक्षिली जाते. पुढे १९३५ ते १९३७ या काळात ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य होते.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मध्य प्रांत व वऱ्हाडला ११२ सदस्यांची एकगृही विधानसभा मिळाली. १९३७ च्या आरंभी झालेल्या निवडणुकीत काँग्रेसने बहुमत मिळवले. तथापि काँग्रेसने मंत्रिपदे स्वीकारावीत की नाही हा अधिकारग्रहणाचा प्रश्न सुटेपर्यंत ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. खरे मुख्य प्रधान कधी झाले याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. काही याद्यांत ऑगस्ट १९३७ हा महिना दिलेला आढळतो. काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे अधिकारग्रहणास मान्यता दिली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि हंगामी मंत्रिमंडळ त्याच महिन्याच्या मध्यास पायउतार झाले. हे ध्यानात घेता जुलै हाच महिना अधिक ग्राह्य मानावा लागतो. मंत्रिमंडळात रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे, रामराव देशमुख व पु. बा. गोळे हे वऱ्हाडचे आणि महंमद युसुफ शरीफ अशी मंडळी होती. घनश्यामसिंह गुप्त विधानसभेचे अध्यक्ष झाले.

प्रांत एक असला तरी काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन होत्या : महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. हिंदी भाषक महाकोशलचे संख्याबळ आणि राजधानीचे शहर मराठी, ही मूळचीच ओढाताण. १९३८ च्या उन्हाळ्यात एका कैद्याच्या शिक्षामाफीवरून शरीफ यांना राजीनामा द्यावा लागला, मंत्र्यांमधील परस्पर अविश्वास चव्हाट्यावर आला आणि काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाच्या (प्रांतिक मंत्रिमंडळांवर देखरेख करणाऱ्या मध्यवर्ती मंडळाच्या) मध्यस्थीने पचमढी येथे समझोता घडवण्यात आला. तो दोन महिनेही टिकला नाही.

जुलैत देशमुख व गोळे यांनी राजीनामे दिले. २० जुलै १९३८ रोजी खरे यांनी स्वतःचा राजीनामा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे सादर केला आणि उरलेल्या सहकाऱ्यांनीही तसेच करावे असे सुचवले. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी पार्लमेंटरी बोर्डाच्या आज्ञेवाचून राजीनामा देण्यास नकार दिला. गव्हर्नरांनी रात्रीच त्यांना पाचारण केले. त्यांचा नकार कायम राहिल्यावर २१ जुलैची सकाळ होण्यापूर्वी त्यांना बडतर्फ करण्यात आले आणि त्याच दिवशी खरे यांच्याच नेतृत्वाखाली नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. काँग्रेसचे नेते त्या वेळी नागपुरापासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला जमत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या रात्रीच्या घाईला केवढा अर्थ लावला गेला असेल ते कळते. कार्यकारिणीने पुढे आपल्या ठरावात गव्हर्नरांनी रात्रीचा दिवस करून केलेल्या या घाईचा कडक शब्दांत निषेध केला.

या घटनेतील कायद्याचा मुद्दा सविस्तर पाहण्याजोगा आहे. १९३५ च्या कायद्यात ‘मुख्य प्रधान’ हे पदच नाही. कलम ५० मध्ये गव्हर्नरांना साहाय्य व सल्ला देणाऱ्या मंत्रिपरिषदेचा उल्लेख आहे. कलम ५१ नुसार मंत्र्यांची निवड गव्हर्नर करत, मंत्री त्यांची मर्जी असेतोवर पदावर राहत, आणि निवड, नेमणूक व बडतर्फी या तिन्ही बाबी गव्हर्नरांच्या स्वेच्छाधिकारात येत. बहुमत टिकवू शकेल अशा व्यक्तीशी विचारविनिमय करून मंत्री नेमावेत ही सूचना गव्हर्नरांना दिलेल्या आदेशपत्रात होती, कायद्याच्या कलमात नव्हती. त्यामुळे मुख्य प्रधानाच्या राजीनाम्याने सारे मंत्रिमंडळ आपोआप संपुष्टात येते हा इंग्लंडमधील संकेत येथे लागू होतो की नाही, याला कायद्याच्या शब्दांत उत्तर नव्हते. गव्हर्नरांनी संकेत लागू आहे असे धरले. तीन मंत्र्यांनी आपले उत्तरदायित्व पक्षाच्या मध्यवर्ती मंडळाकडे आहे असे धरले. निव्वळ कायद्याच्या दृष्टीने बडतर्फी वैध होती, याबद्दल शंका घेण्यास जागा दिसत नाही. वाद होता तो ज्या विधानसभा पक्षाने नेता निवडला त्याला न विचारता नेत्याने मंत्रिमंडळ मोडून पुन्हा बांधावे काय, हा; आणि त्याहून मोठा प्रश्न, प्रांताच्या मुख्य प्रधानाने मतदारांना व विधानसभेला जबाबदार राहायचे की प्रांताबाहेरच्या पक्षश्रेष्ठींना.

खरे यांनी दोन दिवसांत, २३ जुलैला, नव्या मंत्रिमंडळाचाही राजीनामा दिला. कार्यकारिणीने त्यांना गंभीर चुकांबद्दल दोषी ठरवून काँग्रेसमधील जबाबदारीच्या पदांस अपात्र मानले. विधानसभा पक्षाची बैठक काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत वर्ध्याला भरली, शुक्ल नेते निवडले गेले आणि २९ जुलैला त्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. महात्मा गांधींनी ऑगस्टमध्ये ‘हरिजन’मधून कार्यकारिणीची बाजू मांडली : काँग्रेस ही परकीय सत्तेशी झुंजणारी संघटना असल्याने तिला सैन्यासारखी शिस्त आवश्यक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खरे यांनीही आपल्या बचावाची पुस्तिका प्रसिद्ध केली.

या प्रकरणाचे अर्थ तीन प्रकारे लावले जातात. काँग्रेसच्या अधिकृत इतिहासलेखनात ते शिस्तभंगाचे उदाहरण ठरते. खरे व त्यांचे समर्थक यांच्या मते ती पक्षश्रेष्ठींची हुकूमशाही होती. विदर्भातील लेखनात ते बहुधा हिंदी–मराठी संघर्ष म्हणून येते. भाषिक तेढ खरी होती. शुक्ल मंत्रिमंडळ आल्यावर दोनच महिन्यांत, १ ऑक्टोबर १९३८ रोजी, याच विधानसभेने वऱ्हाड व नागपूरच्या मराठी जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करण्याचा ठराव संमत केला, हा योगायोग म्हणता येत नाही. परंतु केवळ भाषेने सर्व उलगडा होत नाही, कारण २१ जुलैच्या मंत्रिमंडळात खरे यांनी छत्तीसगडचे ठाकूर प्यारेलालसिंह यांना आणि अस्पृश्य समाजातील अग्निभोज यांनाही घेतले होते. अग्निभोज यांच्या समावेशाला काँग्रेस नेतृत्वाकडून नापसंती मिळाली हे खरे यांचे म्हणणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मधील आपल्या ग्रंथात दखल घेऊन मांडले आहे. तिन्ही अर्थांत दुसऱ्याला अधिक आधार दिसतो, मात्र तो खरे यांच्या कार्यपद्धतीचे समर्थन म्हणून नव्हे. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न योग्य होता आणि तो सोडवण्यासाठी त्यांनी विधानसभेऐवजी गव्हर्नरांचे दार ठोठावले, ही त्यातली खरी चूक होय.

१९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात राष्ट्रकुल संबंध खात्याचे सदस्य होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी रहिवाशांवर जमीनखरेदीचे निर्बंध आले तेव्हा परस्परता कायद्यानुसार तेथील नागरिकांवर उलट निर्बंध घालण्याचा आणि १९४६ मध्ये त्या देशाशी व्यापार तोडण्याचा निर्णय त्यांच्या खात्याच्या कक्षेतला होता.

एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी अलवरमध्ये मेव मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या, हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले, आणि संस्थानी फौजेचा त्यात सहभाग होता असे इतिहासकारांचे संशोधन दाखवते. कारभाराचे प्रमुख या नात्याने याची जबाबदारी खरे यांच्याकडे जाते; नागपूरच्या आठवणींत हा भाग गाळला जातो, तो गाळू नये. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांना पदावरून दूर केले. हत्येच्या कटाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही. १९४९ मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले.

३१ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली त्यांना तीन महिन्यांसाठी दिल्लीतून हद्दपार केले. मध्य प्रदेश शासनाने तर त्यांनी नागपुरातच राहावे असा आदेश दिला, जो पुढे मागे घेण्यात आला. त्यांनी संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा मताधिक्याने याचिका फेटाळली, न्यायमूर्ती मुखर्जी व महाजन यांनी भिन्नमत नोंदवले. तरी संचारस्वातंत्र्यावरील निर्बंध वाजवी आहे का हे ठरवताना निर्बंधाचा आशय आणि त्यासाठी अवलंबिलेली पद्धती या दोन्हींचा विचार करावा लागतो, हे तत्त्व या निकालातून पुढे आले आणि विधी महाविद्यालयांत ‘खरे विरुद्ध दिल्ली राज्य’ या नावाने आजही शिकवले जाते.

१९५२ मध्ये ग्वाल्हेरच्या पोटनिवडणुकीतून ते पहिल्या लोकसभेत गेले. १९५७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस, काही मतदारसंघांतील निवडणुका पुऱ्या झाल्या नसल्याच्या कारणावरून, त्यांनी दिलेले आव्हानही सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले : निवडणूक पार पडण्यापूर्वी तिच्याविषयी वाद उपस्थित करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९५९ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९३८ च्या घटनांसाठी ते महत्त्वाचे साधन असले तरी तारखा व संभाषणे यांबाबत कार्यकारिणीच्या ठरावांशी ताडून पाहूनच वापरावे लागते.