धीर, आणि ज्यांचा धीर सुटला ते

दीर्घ आजार, गेलेली नोकरी, घरातला मृत्यू. अशा वेळी ख्रिस्ती माणसाला मंडळीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "प्रभूवर भरवसा ठेव, धीर धर." म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्याला मात्र कधी कधी वाटतं, की डोळ्यांत पाणी आलं म्हणजे आपला विश्वासच कमी पडला. हे ओझं मूळ शिकवणीत नाही. म्हणून हा 'धीर' आला कुठून, ते पाहायला हवं.

बायबलच्या नव्या करारात या अर्थाने वारंवार येणारा ग्रीक शब्द आहे 'हुपोमोने'. त्याची फोड केली तर 'खाली टिकून राहणं' असा अर्थ निघतो. ओझ्याखालून अंग काढून न घेणं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, की संकटातून धीर येतो, धीरातून शील आणि शीलातून आशा. हे तो सुखात बसून सांगत नव्हता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात त्याने आपल्या अंगावरचा हिशेबच दिला आहे: 5 वेळा 39 फटके, 3 वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, 3 वेळा फुटलेलं जहाज. त्याच पत्रात पुढे तो शरीरातल्या एका काट्याबद्दल लिहितो. काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर आलं: "माझी कृपा तुला पुरे आहे." लोक हे उत्तर लक्षात ठेवतात. मला ते तीनदा विनवणंही तितकंच मोलाचं वाटतं.

देवापुढे असं विनवण्याची, रडण्याची मोकळीक यहुदी प्रार्थनेतून आलेली. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण 88वं वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तसंच ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आली, तोही आक्रोशच.

रोमी साम्राज्यात छळ सतत चालू होता असा समज आहे. इ.स. 64च्या आगीनंतर नीरोने रोममधल्या ख्रिस्ती लोकांचे हाल केले हे खरं, पण पुढची जवळजवळ दोनशे वर्षं छळ ठिकठिकाणी, अधूनमधून होत राहिला. इ.स. 203मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ नावाची सुमारे 22 वर्षांची ख्रिस्ती बाई होती, पदरी दूधपितं मूल. तिच्या नावावर असलेल्या तुरुंगातल्या टिपणात, बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंगच आपल्याला महाल वाटू लागला, असं ती म्हणते. शिक्षा म्हणून रानटी जनावरांपुढे उभं राहण्याआधी तिला बाळाच्या भुकेची काळजी होती. विश्वासासाठी प्राण देणाऱ्या रक्तसाक्षींच्या कथांमध्ये हे इतकं घरगुती दुःख क्वचित सापडतं.

खरी कसोटी लागली ती इ.स. 250मध्ये. सम्राट डेसियसने हुकूम काढला, की प्रत्येकाने रोमी देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिले आहेत. मजकूर ठरावीक. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर पेयार्पण केलं, बळीचं मांस चाखलं, तसं प्रमाणित करावं. खाली साक्षीदाराची सही. सरकारी कचेरीतला कोरडा कागद, आणि त्यावर एखाद्याचा अख्खा विश्वास तोलला जायचा. ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. काही तुरुंगात गेले, काही मेले. कार्थेजचा बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा प्रमुख, सिप्रियन लपून बसला आणि तिथून पत्रांनी मंडळी सांभाळत राहिला. त्यावरूनही त्याला बोल लागले.

छळ ओसरला आणि बळी देऊन किंवा दाखला घेऊन पडलेले लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. त्यांचं काय करायचं? रोममध्ये नोवेशियन नावाचा पाळक म्हणाला, अशांना मंडळीत परत जागा नाही. इ.स. 251मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली. नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यावं आणि बळी दिलेल्यांनी दीर्घ पश्चात्ताप करावा, असं तिथे ठरलं. थोड्याच काळात पुन्हा छळाची चाहूल लागली, तेव्हा सिप्रियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांना रक्ताचा प्याला प्यायला, म्हणजे मरायला, पाठवायचं त्यांना आधी प्रभुभोजनातला प्रभूचा प्याला द्यायला नको का? हा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मायेचा वाटतो. ज्या पेत्र या शिष्याने कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारलं, त्यालाच प्रभूने आपली मेंढरं सांभाळायला सांगितलं होतं. पुढे 14 सप्टेंबर 258 रोजी सिप्रियन स्वतः तलवारीला सामोरा गेला.

वाद तिथे मिटला नाही. इ.स. 303नंतर सम्राट डायोक्लेशियनच्या छळात धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्यांवरून उत्तर आफ्रिकेतली मंडळी दुभंगली आणि ती फूट पिढ्यान्‌पिढ्या राहिली. इ.स. 313मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली. त्यानंतर धीराचं रणांगण बदललं: वाळवंटातले साधू, पुढे आजार, दारिद्र्य, एकटेपण.

विसाव्या शतकात तुरुंग पुन्हा आला. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांना नाझी राजवटीने एप्रिल 1943मध्ये अटक केली आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, 1944मध्ये त्यांनी एक कविता लिहिली. तीत ते म्हणतात: लोक म्हणतात, मी कोठडीतून शांतपणे, ताठ मानेने बाहेर येतो. मला स्वतःला ठाऊक असलेला मी मात्र पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तळमळतो, प्रार्थनेलाही थकलेला असतो. यातला खरा कोण, हे त्यांनी ठरवलं नाही. मी कोणीही असलो तरी, देवा, तू मला ओळखतोस, मी तुझाच आहे, असं लिहून त्यांनी कविता थांबवली.