निळे डोळे–तपकिरी डोळे पाठ

वर्णभेदाची झळ डोळ्यांच्या रंगावरून अनुभवास आणून देणारा वर्गपाठ. यात वर्गाचे डोळ्यांच्या रंगानुसार दोन गट करून एका दिवशी एक गट श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी ते उलटवतात. प्रौढांसाठीच्या वर्णद्वेषविरोधी प्रशिक्षणाचा हा एक आद्य नमुना मानला जातो. अमेरिकेतील आयोवा राज्यात राइसव्हिल या गोऱ्या वस्तीच्या लहान गावात जेन एलियट या शिक्षिकेने तो तिसरीच्या वर्गावर घेतला. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. पाठ दुसऱ्याच दिवशीचा, असे एलियट सांगतात व ते सामान्यतः स्वीकारले जाते. (मराठीत ‘घारे’ म्हटले की निळे, हिरवट, करडे सगळेच डोळे त्यात येतात, म्हणून येथे ‘निळे’ हाच शब्द ठेवला आहे.)

पहिल्या दिवशी श्रेष्ठ कोण ठरले, याबाबत मतभेद आहे. बऱ्याच ठिकाणी निळ्या डोळ्यांची मुले असे आढळते. १९६८ च्या पाठाच्या तपशीलवार वृत्तांतांत मात्र क्रम उलटा आहे : तपकिरी डोळ्यांत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून ती मुले हुशार, असे बाईंनी वर्गाला सांगितले. मेलॅनिनमुळे डोळ्यांना रंग येतो, एवढेच त्यात खरे. गोंधळाचे मूळ बहुधा १९७० मध्ये एबीसी वाहिनीने दाखविलेल्या माहितीपटात असावे. त्यात नंतरच्या तुकडीवरील पाठ चित्रित असून पहिला मान निळ्या डोळ्यांना मिळतो. मेलॅनिनचा युक्तिवाद तपकिरी डोळ्यांनाच सोयीचा असल्याने १९६८ पुरता उलटा क्रम अधिक ग्राह्य वाटतो.

चित्रित पाठात कनिष्ठ गटाच्या गळ्यात कापडी पट्टी आहे. त्यांनी पाणी कागदी पेल्यातून प्यायचे. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे नाही. वाचनाच्या कार्डांचा गठ्ठा संपवायला तपकिरी डोळ्यांच्या मुलांना पट्टी असताना साडेपाच मिनिटे लागली, पट्टी उतरल्यावर अडीच. सरावाचा वाटा यातून वगळलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

१९८० च्या दशकात शाळा सोडून एलियट प्रौढांसाठी हाच पाठ घेऊ लागल्या. परिणाम मोजणारे अभ्यास थोडे आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील २००३ च्या अभ्यासात आशियाई व लॅटिनो अमेरिकनांविषयीची वृत्ती सुधारलेली आढळली. आफ्रिकी अमेरिकनांविषयी, म्हणजे ज्यांच्यासाठी पाठ रचला गेला त्यांच्याविषयी, फरक जेमतेमच होता.