कळसा पश्चिमेलाच का वाहतो?

म्हादई नदीचे काही पाणी पूर्वेला वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात वाद आहे; त्याची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडते: "शेवटी ते पाणी समुद्रालाच मिळते, म्हणजे वायाच जाते." हे वाक्य बोलणाऱ्यांत सुशिक्षित माणसेही असतात. नदी आपल्या मार्गात काय काम करते याचा त्यात विचारच नसतो. तो विचार करायला म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याइतके चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्याजवळ कणकुंबी हे गाव आहे. मलप्रभा नदीचा उगम इथलाच, माउली मंदिराच्या परिसरातला. ही नदी पूर्वेला वळते, ३०४ किलोमीटर वाहते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला. त्याच कणकुंबीच्या शिवारात, काही किलोमीटरच्या अंतरात, कळसाही सुरू होतो. तो मात्र घाट उतरून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जातो आणि म्हादईला मिळतो. म्हादई पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. दोन्ही प्रवाहांवर पाऊस एकाच ढगातून पडतो, पण त्यांच्या मुखांमध्ये अख्ख्या दख्खनची रुंदी आहे.

आता थोडे गणित करू. मलप्रभेचा उगम सुमारे ७९२ मीटर उंचीवर आहे आणि कूडलसंगम ४८८ मीटरवर. म्हणजे ३०४ किलोमीटरमध्ये ती ३०४ मीटर उतरते, किलोमीटरला सरासरी एक मीटर. कळसा साधारण त्याच उंचीवरून निघतो, पण सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आत, सत्तरीतल्या वाळपईच्या परिसरात, त्याचे पाणी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली पोचलेले असते. उतारातला हा फरक वीसपटीहून जास्त आहे. पुढचे सगळे याच फरकातून घडते.

नदीची खडक कापायची ताकद ढोबळमानाने दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: पाणी किती आणि उतार किती. उगमापाशी पाणी कमी असते, त्यामुळे तिथे उतारच निर्णायक. कड्यावरून कोसळणारा ओढा पायथ्याचा खडक पोखरतो, वरचा भाग ढासळतो, आणि ओढ्याचे डोके थोडे मागे सरकते. नदी समुद्राकडे वाढते असे आपल्याला वाटते; घाटातल्या नद्या उलट दिशेने, डोंगराच्या पोटात वाढतात. याला शीर्षाभिमुख क्षरण म्हणतात.

चोर्ल्याच्या परिसरात या कामाला आणखी एक मदतनीस आहे. माथ्यावरचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ पठारे, जांभ्या खडकाचे आहेत. जांभा सच्छिद्र, त्याखाली चिकणमातीचा थर. पावसाळ्यात मुरलेले पाणी मातीवर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे झरे जांभ्याखालची माती हळूहळू काढून नेतात, आधार गेला की वरचा जांभा तुटून पडतो, आणि कडा मागे हटतो. उन्हाळ्यात ओढ्यांना जे पाणी असते तेही याच झऱ्यांचे. नदीचा उगम म्हणजे एक कुंड आणि एक गोमुख, ही आपली समजूत भक्तीला पुरेशी आहे, भूजलाला नाही. उगम म्हणजे तो सगळा सडा आणि त्यावरचे जंगल. जंगल तोडून कुंडाची पूजा चालू ठेवली तरी झरा आटणारच. नारळ हातावर उभा करून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यांना गावोगाव अजून पैसे दिले जातात, त्याचे फार वाईट वाटते. नियंत्रित चाचण्यांमध्ये अशा लोकांचा अंदाज नशिबापेक्षा सरस ठरलेला नाही. तेच पैसे झऱ्यांची नोंद ठेवायला लावले तर पाण्याची खरी माहिती मिळेल.

आता कणकुंबीच्या पाणलोट रेषेकडे, म्हणजे पूर्वेला आणि पश्चिमेला वाहणाऱ्या पाण्याच्या सीमेकडे पाहू. तिच्या पश्चिमेला तीव्र उतार, पूर्वेला जवळजवळ सपाटी. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ साली मांडले की दोन बाजूंचे उतार असमान असतील तर तीव्र बाजू वेगाने झिजते आणि पाणलोट रेषा मंद बाजूकडे सरकते. सह्याद्रीत ती पूर्वेकडे सरकते आहे. दख्खनच्या पश्चिमेची जमीन आधी मादागास्करपासून आणि नंतर सेशेल्सपासून तुटली. त्या तुटीतून तयार झालेली किनाऱ्यालगतची भिंत तेव्हापासून झिजत मागे येत आहे.

रेषा सरकता सरकता एखाद्या दिवशी पश्चिमेच्या ओढ्याचे डोके पूर्वेच्या ओढ्याच्या पात्रालाच भिडते. मग पूर्वेचे पाणी सरळ खाली, पश्चिमेला कोसळते. हे नदीचौर्य. त्याच्या खुणा ओळखता येतात: प्रवाहाला अचानक काटकोनी वळण, वळणाच्या पुढे पाणी नसलेली रुंद खिंड, आणि रुंद दरीत न शोभणारा चिमुकला ओढा.

रेषा कुठल्या बाजूला सरकते आहे हे नकाशावरून मोजायची एक पद्धत आहे, तीही सांगायला हवी. स्थिरावलेल्या नदीत कुठल्याही जागेचा उतार हा तिथवर पाणी आणणाऱ्या पाणलोट क्षेत्राच्या साधारण अर्ध्या घाताच्या, म्हणजे वर्गमुळाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. मुखापासून उगमापर्यंत क्षेत्राच्या या व्यस्त घाताची बेरीज करत गेले की प्रत्येक जागेसाठी एक राशी मिळते. ग्रीक 'काय' अक्षराने ती दाखवतात. रेषेच्या दोन्ही बाजूंना ती सारखी असेल तर रेषा स्थिर. एका बाजूला जास्त असेल तर ती बाजू हरते आहे. मलप्रभा-कृष्णेचे पाणी हजाराहून अधिक किलोमीटर फिरून समुद्रापाशी पोचते, म्हादईचे त्याच्या दशांशाच्या आसपास अंतरात; म्हणून ही राशी मलप्रभेच्या बाजूला जास्त भरते. शिवाय सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला मलप्रभा कलादगी नावाच्या खडकमालेतल्या कठीण वालुकाश्मातून अरुंद घळीने जाते. तो दगड सहज खोदला जात नाही, म्हणून त्याच्या वरचे पात्रही फार खाली जाऊ शकत नाही. त्याच घळीत आज मलप्रभेचे धरण आहे.

म्हणजे निसर्गाचा कल पाणी पश्चिमेला नेण्याचा आहे, आणि कर्नाटकाचा कळसा कालवा नेमका उलट, पश्चिमेचे पाणी पूर्वेला नेऊ पाहतो. निसर्गाला लाखो वर्षे लागतात, कालव्याला काही वर्षे पुरतात. या प्रस्तावाला केंद्राने २००२ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि त्याच वर्षी ती स्थगित ठेवली. पुढे कणकुंबीत खोदकाम सुरू झाले आणि गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, त्याचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला. त्यात वळवण्यासाठी कळशाचे १.७२ आणि म्हादईला मिळणाऱ्या भांडुरा या दुसऱ्या नाल्याचे २.१८ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), मिळून ३.९ टीएमसी पाणी कर्नाटकला मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला १.३३ टीएमसी आले, कारण दोडामार्ग तालुक्यातला विर्डीकडचा थोडा भागही याच खोऱ्यात आहे.

भांडणाचे मूळ नकाशावर आहे. खोरे २,०३२ चौरस किलोमीटरचे, त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. राजकीय सीमा पाणलोट रेषेवरून गेली असती तर हे पाणी उगमापासून गोव्याचेच ठरले असते. पण सत्तरी हा महाल पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, तो नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखातला. त्याची हद्द घाटमाथ्याच्या अलीकडेच थांबली, आणि पश्चिमेला उतरणारी एक पट्टी खानापुरात राहिली. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा लहानसा नाला दोन देशांमधून वाहत होता. वरचे टोक आधी ब्रिटिश मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात. खालचे टोक पोर्तुगालच्या ताब्यात.

'वाया जाते' याचे उत्तर आता देता येते. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजे या गावापर्यंत पोचतो. खाऱ्या पाण्याला मागे रेटायचे काम वरून येणारे गोडे पाणी करते. ते कमी झाले की खारेपणा वर चढतो आणि काठच्या शेतांना, विहिरींना भिडतो. गाळ आणि त्यासोबतची पोषकद्रव्येही हेच पाणी खाडीपर्यंत आणते. मासे आणि शिंपल्या त्यावर जगतात.

त्याचबरोबर 'मांडवी कोरडी पडेल' ही घोषणाही आकड्यांत बसत नाही. लवादाने खोऱ्यात ७५ टक्के भरवशाचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल असे, पाणी १८८.०६ टीएमसी धरले आहे. ३.९ टीएमसी म्हणजे त्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. धोका संपूर्ण नदीच्या बेरजेत दिसत नाही, तो कळशाच्या स्वतःच्या दरीत आहे. तिथे ओढ्याचे बहुतेक पाणी उचलले तर खालच्या म्हादई अभयारण्यातल्या पाणवठ्यांना डिसेंबरनंतर काय उरेल, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गांज्याच्या मोजणी केंद्रावर मिळणार नाही, कारण तिथे सगळ्या उपनद्यांचे पाणी एकत्र होऊन येते. कळशावर, घाट उतरायच्या आधी आणि उतरल्यानंतर, अशा दोन ठिकाणी वर्षभर प्रवाह मोजायला हवा, आणि ते आकडे तिन्ही राज्यांच्या लोकांना उघडपणे पाहता यायला हवेत.