मंडळीतली साक्ष आणि अंकातली कथा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकासाठी दरवर्षी जी हस्तलिखिते येतात, त्यांतल्या बऱ्याचशांवर ‘कथा’ असे लिहिलेले असते आणि आत साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याची स्वतःची खरी हकिकत, निघते. काहींवर ‘साक्ष’ असे लिहिलेले असते आणि आत, लिहिणाऱ्याच्याही नकळत, कथा शिरलेली असते. दोन्हींत संकट असते, प्रार्थना असते आणि शेवटी देवाची कृपा असते, त्यामुळे वाचणाऱ्यालाच काय, लिहिणाऱ्यालाही फरक चटकन जाणवत नाही. तो फरक मात्र मोठा आहे, आणि प्रेरणादायी ख्रिस्ती कथा लिहू पाहणाऱ्याने तो आधी समजून घेतला नाही, तर त्याची कथाही फसते आणि साक्षही.

नवापूर-नंदुरबारकडे विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम सुरू झाले. तिथल्या मंडळ्यांत उपासनेच्या वेळी उभे राहून साक्ष देण्याची रीत मुरलेली आहे. साक्ष ग्रंथी मराठीत क्वचितच दिली जाते; ती मावचीत, भिलीत किंवा अहिराणीत येते. ‘मना पोऱ्या वाची गया’ एवढ्या चार शब्दांवर सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणते, कारण तो पोऱ्या तिसऱ्या रांगेत चटईवर मांडी घालून बसलेला असतो. साक्षीचे सारे बळ त्या चटईवर बसलेल्या मुलात आहे. सांगणारी बाई अडखळली, मागचे पुढे सांगून गेली, तरी काही बिघडत नाही.

साक्ष हा शब्द आपण कोर्टातही वापरतो, आणि ते योग्यच आहे, कारण साक्षीची उलटतपासणी होऊ शकते: कोणते गाव, कोणता महिना, डॉक्टर काय म्हणाले होते. कथेची उलटतपासणीही होते, पण तिथले प्रश्न निराळे असतात. माणूस असा वागेल का, इतक्या लवकर वागेल का, आणि ही गोष्ट आधीच्या गोष्टीतून आली की लेखकाने वरून सोडली, असे वाचक मनातल्या मनात विचारत जातो.

रावेर-यावल पट्ट्यातले उदाहरण घेऊ. मृग लागण्याच्या सुमारास वादळ येते आणि निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळीबाग तासाभरात आडवी होते, हे तिथल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. एखादा शेतकरी उभा राहून म्हणाला, की त्या रात्री आम्ही घरातल्या सगळ्यांनी गुडघे टेकले आणि सकाळी पाहिले तर आमची बाग उभी होती, तर ती साक्ष झाली आणि ती ऐकून घ्यावी. हाच प्रसंग कथेच्या शेवटी आला की वाचकाची मान हलत नाही. कथेतला वारा लेखकाच्या हातात असतो. त्याने तो सोडला आणि त्यानेच थांबवला, त्यात देवाचा पुरावा कसला? शिवाय कथा वाचणारा लगेच बांधापलीकडे पाहतो: शेजाऱ्याची बाग पडली, त्याने प्रार्थना केली नव्हती का? साक्ष देणाऱ्याला हा प्रश्न विचारणे कठोरपणाचे ठरेल, कारण तो फक्त आपल्यापुरते बोलतो आहे. कथाकाराला मात्र यातून सुटका नाही, आणि माझ्या मते खरी कथा इथेच, बांधाच्या पलीकडे, सुरू होते.

त्या शेजाऱ्याची बाग पडू द्यावी. घड मातीत गेले आहेत, खतवाल्याची उधारी थकलेली आहे, आणि सामाईक विहिरीवरून ज्या भावाशी चार वर्षे बोलणे बंद आहे तो भाऊ भल्या पहाटे, न बोलावता, विळा घेऊन पडलेली खोडे कापायला येऊन उभा राहिला आहे. आता याने त्याला चहा विचारायचा की नाही? या एका चहाभोवती श्रद्धेची कथा उभी राहू शकते, आणि तिच्यात एकही चमत्कार लागत नाही.

कल्पित म्हणजे खोटे, म्हणून विश्वासणाऱ्याने त्यापासून लांब राहावे, असे मानणारी बुजुर्ग मंडळी आपल्याकडे आहेत. त्यांना लूककृत शुभवर्तमानाचा 15वा अध्याय दाखवावा. घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या उधळ्या पुत्राची, प्रभूने सांगितलेली गोष्ट तिथे आहे. अशा गोष्टीला आपण दाखला म्हणतो (तहसीलच्या दाखल्याने काहीतरी सिद्ध होते, याने काहीच सिद्ध होत नाही, ही शब्दाची गंमतच), पण त्या पुत्राच्या बापाचे गाव कोणते, असे कुणी विचारत नाही. 16व्या अध्यायातल्या दरिद्री माणसाला लाजर असे नाव दिले आहे, आणि तेवढ्या एका नावामुळे ती घडलेली गोष्ट की दाखला, असा वाद होत आला आहे. नाव घातले की कथा साक्षीकडे झुकते, हे यावरून दिसते. उधळ्या पुत्राच्या गोष्टीच्या शेवटाकडेही पाहण्यासारखे आहे. शेतातून आलेला थोरला भाऊ वाद्ये आणि नाच ऐकून रागावतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कथांत मात्र तो आत जातो, रडतो, बाप्तिस्मा घेतो आणि वर पाळकसाहेबांचे दीड पान भाषणही होते.

मराठीत हे दोन्ही प्रकार एकाच लेखकाने हाताळल्याचे उदाहरण म्हणजे बाबा पदमनजी. 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाने ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची हकिकत मांडली, तर 1857 च्या ‘यमुनापर्यटना’त कल्पित यमुनेला प्रवासाला पाठवून विधवांची दुःखे दाखवली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहेच, पण तिच्यातली पात्रे बोलताना उपदेशाकडे वळतात, आणि ती सवय आपल्या कथांनी अजून सोडलेली नाही. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्या मागोमाग लगेच तो घेतला नाही. मधली ताटातूट, राग, सोवळ्याची ओढ हे सारे त्यांनी झाकले नाही. कथाकाराने ती वर्षे दोन परिच्छेदांत उरकली असती. साक्षीला घडलेला उशीर जसाच्या तसा ठेवावा लागतो.

ही गल्लत किती महागात पडते, हे मला एका अंकाने शिकवले. एका कथेवर ‘कथा’ हा शब्द छापायचा आमच्याकडून राहून गेला. गोष्टीतली मुलगी प्रार्थनेनंतर फिट्स थांबून बरी होते. अंक निघून पंधरा दिवस झाले असतील, एरंडोलकडून एक बाई तो अंक पिशवीत घालून एसटीने आल्या. त्यांच्या मुलीला तसाच आजार होता, आणि त्यांना त्या मुलीच्या आईला भेटायचे होते. पान दुमडून खूण करून ठेवले होते. अशी आई नाही, ती लिहिलेली आहे, हे त्यांना सांगताना मला जे वाटले, ते मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून शीर्षकाखाली ‘काल्पनिक कथा’ असे ठळक छापले जाते. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही ओळ आम्ही घेत नाही, कारण कथेला ती उसने बळ देते आणि साक्षीला पळवाट. काही लेखक यावर नाराज होतात. साक्ष छापण्यापूर्वी मात्र आमच्यापैकी कुणीतरी देणाऱ्याच्या घरी जाते आणि लिहून काढलेला मजकूर त्यालाच वाचून दाखवते. बहुतेक वेळा तो दोन-तीन ठिकाणी हात वर करून थांबवतो आणि म्हणतो, ‘आसं नही व्हतं.’