बटणाचं बंद आणि सिग्नलवरचं बंद

"गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे का?" असं कुणालाही विचारा, बोट थेट स्टिअरिंगजवळच्या गोल बटणाकडे जातं. ते बटण म्हणजे चावी फिरवण्याचा पर्याय. पाय क्लचवर किंवा ब्रेकवर, बटण दाबा, इंजिन सुरू. हे सगळ्यांना येतं. त्या बटणावरच "इंजिन स्टार्ट-स्टॉप" छापून ठेवलंय, त्यामुळे घोळ होणारच.

दुसरं स्टार्ट-स्टॉप सिग्नलवरचं. गाडी उभी करून न्यूट्रल केली, क्लच सोडला, की इंजिन आपोआप बंद. क्लच दाबला की सुरू. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम ब्रेकवर होतं. साध्या चावीच्या गाडीतही हे असू शकतं, आणि बटण असलेल्या कितीतरी गाड्यांत नसतं. ह्युंदाई याला आयएसजी म्हणते, म्हणजे आयडल स्टॉप अँड गो; मारुतीच्या हायब्रिडमध्ये मात्र आयएसजी म्हणजे स्टार्टर-जनरेटर, इंजिन सुरू करणारा आणि वीज बनवणारा भाग. त्या नादी लागू नका.

खरी गोची "बंद" या शब्दात आहे.

आमच्या काकांनी नवी गाडी घेतली. नागपूरच्या व्हरायटी चौकात लाल दिवा लागला, इंजिन गप्प झालं. काका म्हणाले, "अरे, बंद पडली बे!" आणि त्यांनी घाईघाईनं बटण दाबलं. आता मात्र गाडी खरंच बंद झाली. एसीचा पंखा थांबला, डॅशबोर्ड काळा, तेवढ्यात सिग्नलचा हिरवा दिवा लागला आणि मागून हॉर्नचा गोंधळ. आधी फक्त इंजिन झोपलं होतं, इग्निशन चालूच होतं. क्लच दाबला असता तर पुरलं असतं. सिग्नलवर इंजिन गेलं की बटणाला हातच लावायचा नाही. मीटरमध्ये गोल बाणाच्या आतला "ए" दिसला, म्हणजे गाडी बंद पडलेली नाही, वाट बघतेय.

याच्या उलट चूक जास्त वाईट. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असं समजून तर्रीपोह्याच्या ठेल्यापाशी तसंच उतरणं. बेल्ट काढल्यावर, दार उघडल्यावर काही गाड्या इंजिन पुन्हा चालू करतात, काही ओरडतात, काही पूर्ण बंद होतात. तुमची काय करते ते मॅन्युअलमध्ये बघा, पण उतरताना हँडब्रेक ओढायचा आणि चावी किंवा बटणानं बंद करायची. "आपोआप झालीच होती ना" हे उत्तर मला चालत नाही.

"मे महिन्यात फीचर बिघडलं" ही तक्रारही दरवर्षी ऐकतो. बिघडत नाही. इंजिन थांबलं की पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, पंखा तेवढा फिरतो. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आतली हवा तापते, म्हणून गाडी इंजिन लवकर चालू करते किंवा थांबवतच नाही. बॅटरी उतरलेली असेल किंवा इंजिन अजून गार असेल, तरी थांबवत नाही. मे अखेरच्या नवतप्यात दुपारी मी स्वतःच हे फीचर बंद करायचं वेगळं ऑफचं बटण दाबतो. रांगेत दोन-दोन फूट सरकायचं असेल तेव्हाही. बाकी वर्षभर मात्र चालू. काही जण गाडीत बसल्या बसल्या ते बंद करतात, कारण काय, तर "स्टार्टर जळतो." अहो, या गाड्यांचा स्टार्टर जास्त वेळा फिरण्यासाठीच बनवलेला असतो. लाल दिव्यात उभं राहून पेट्रोल जाळण्यात कसली हुशारी?

पैसे वाचवायला जाल तर ते बॅटरीत जातील. अशा गाडीत ईएफबी किंवा एजीएम बॅटरी असते, म्हणजे इंजिन वारंवार सुरू करणं झेपेल अशी, साधीपेक्षा महाग. मला एका दुकानात "साईज तीच आहे भाऊ, टाकून देतो" म्हणत साधी बसवून दिली. पहिल्याच उन्हाळ्यानंतर सिग्नलवर इंजिन थांबणं बंद झालं आणि थोड्याच दिवसांत सकाळी नुसतं कट्-कट्. जुनीवर जे लिहिलंय तेच नवीवर लिहिलंय का, एवढं दुकानात उभं राहून वाचा.